कुत्रं आडवं आलं

क्लेम फॉर्मवर ‘अपघात कसा झाला’ अशी एक चौकट असते. जेमतेम चार ओळींची. तिच्यात मी सर्वांत जास्त वेळा वाचलेलं वाक्य म्हणजे, ‘अचानक कुत्रे आडवे आल्याने चालकाचा ताबा सुटला.’ कराड ते कोल्हापूर रस्त्यावर कुत्री कमी नाहीत हे मान्य. पण माझ्याकडच्या फॉर्मांतली सगळी कुत्री खरी धरली, तर महामार्गावर गाड्यांना जागाच उरायची नाही.

गंमत म्हणजे या कुत्र्याची काही गरजच नसते. डुलकी लागली, वळणाचा अंदाज चुकला, रिव्हर्स घेताना स्वतःच्याच फाटकाचा खांब दिसला नाही, असं सरळ लिहिलं तरी क्लेम मिळतो. पॅकेज पॉलिसीतला ‘ओन डॅमेज’ हा भाग बाहेरून बसलेल्या अपघाती आघाताची भरपाई देतो. चूक तुमची होती का समोरच्याची, यावर ती भरपाई अडत नाही. दारू पिऊन चालवली, लायसन्स नव्हतं, तर गोष्ट वेगळी. पण साध्या माणसाची साधी चूक पॉलिसीत बसते. लोकांना हेच ठाऊक नसतं. ‘आपलीच चूक म्हटल्यावर पैसे कोण देणार’ या समजुतीनं ते गोष्ट रचतात, आणि सरळ मिळणारा क्लेम वाकडा करून ठेवतात.

मी मोटार सर्व्हेअर. लायसन्सवरचं पूर्ण नाव ‘सर्व्हेअर अँड लॉस असेसर’. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, काही वर्षं एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. मग एका ज्येष्ठ सर्व्हेअरच्या हाताखाली वर्षभर उमेदवारी, परीक्षा आणि आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामक प्राधिकरणाचं लायसन्स. मी कुठल्याही विमा कंपनीचा नोकर नाही. १९३८ च्या विमा कायद्यात ६४ यूएम नावाचं कलम आहे. ठरावीक रकमेपुढच्या नुकसानीचं मूल्यांकन लायसन्सधारक सर्व्हेअरकडून व्हावं, ही तरतूद त्यातली. २०१५ च्या नियमांत मोटारीसाठी ही रेघ पन्नास हजारांवर ओढली आहे. त्याखालचे क्लेम बहुधा कंपनीचा माणूस मोबाईलवर फोटो मागवून मिटवतो.

गाडी समोर आली की मी आधी मालकाशी बोलत नाही. फॉर्म वाचतो आणि गाडीभोवती एक फेरी मारतो. मग चेसिस नंबर. तो फायरवॉलवर किंवा सीटखाली कोरलेला असतो. त्यावरची धूळ पुसायची, कागदाची पट्टी ठेवून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. हल्ली फोटो चालतो, पण मला छाप घ्यायला आवडतं. नंबरवर घासाघीस केलेली असली तर ती बोटाला आधी कळते. नंतर जखमा. पत्रा ताजा फाटला की आतली कड चकचकीत असते. एक पावसाळा गेला की तिथं तांबूस गंज चढतो. बंपरच्या भेगेत काळी धूळ मुरलेली असेल, तर ती भेग कालची नाही. मार कुठल्या बाजूनं आला हे पत्र्याच्या सुरकुत्या सांगतात. कोपऱ्यावर रंगाचा बारीक थर घासून लागलेला असतो, आणि समोरची गाडी पांढरी होती म्हणणाऱ्याच्या फेंडरवर निळा रंग सापडतो.

एका हंगामातली गोष्ट सांगतो. आमच्या भागात कारखाने सुरू झाले की रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरतात. एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, टायर पंक्चर झाला की रस्त्यातच उभ्या. अंधारात मागून येणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. अशाच दिवसांत एक हॅचबॅक तपासायला गेलो. फॉर्मवर लिहिलेलं, ‘कुत्रे आडवे आल्याने गाडी बाभळीच्या झाडाला धडकली.’ झाडाला धडकलेल्या गाडीला खालपासून वरपर्यंत उभी खोक पडते, बंपर मधोमध आत जातो. इथं बंपर जवळजवळ शाबूत, बोनेटची पुढची कड मात्र वरून चेपलेली, आणि काच फुटलेली. म्हणजे गाडी कशाच्या तरी खाली शिरली होती. वाकून ग्रिलमध्ये पाहिलं तर रेडिएटरच्या जाळीवर मुंग्यांची रांग. बोनेटच्या लॉकजवळ उसाची चिपाडं अडकलेली, रस वाळून चिकट झालेला.

मी मालकांना म्हटलं, “दादा, बाभळीला गोड रस कधीपासून यायला लागला?”

ते आधी रागावले, मग खुर्ची ओढून बसले. ट्रॉली त्यांच्या मेहुण्याची. पोलिसांत गेलं तर मेहुण्यावर केस होईल, घरात भांडण लागेल, म्हणून बाभूळ. कुणाला लागलं नव्हतं, चालवणाऱ्याचं लायसन्स चालू होतं, पॉलिसी जिवंत होती. खरं लिहिलं असतं तरी पैसे मिळणारच होते. मी त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला, तो रिपोर्टला जोडला, आणि कंपनीनं क्लेम मंजूर केला. पण प्रत्येक कंपनी आणि प्रत्येक अधिकारी इतका समजूतदार असेलच असं नाही. खोटं विधान हे क्लेम नाकारायला पुरेसं कारण होऊ शकतं, आणि मग मुळात खरी असलेली नुकसानीही बुडते.

लोकांचा दुसरा मोठा राग पैशांच्या हिशेबावर असतो. गॅरेजचं बिल ३५ हजार, आणि सर्व्हेअरनं २६ हजारच धरले. बाकीचे कुठं गेले? ते ‘डेप्रिसिएशन’मध्ये जातात, आणि त्याचे दर मी ठरवत नाही. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये ते छापलेले आहेत आणि आजही साध्या पॉलिसीत तेच चालतात. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के कपात. फायबरग्लासवर ३०. काचेवर शून्य. पत्रा आणि इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, मग चढत चढत पाचव्या वर्षात ३५, दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ५०.

सव्वाचार वर्षं झालेली एक गाडी घ्या. जीएसटी बाजूला ठेवू. बंपर चार हजारांचा. प्लास्टिक, म्हणून दोन हजार. बोनेट सहा हजारांचं. ३५ टक्के गेले, राहिले ३,९००. हेडलॅम्प पाच हजारांचा, हातात अडीच. पुढची काच सात हजारांची, पूर्ण सात. डेंटिंग-फिटिंगची मजुरी पाच हजार, तीही पूर्ण. पेंटिंग आठ हजार. त्यातला पाव भाग रंगाच्या मालाचा धरतात आणि त्या दोन हजारांवर निम्मी कपात, म्हणजे सात हजार. बेरीज २७,४००. त्यातून दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागं सक्तीचे एक हजार वजा. उरले २६,४००. मालकाच्या खिशातून ८,६००. ‘झिरो डेप’ ही जोड घेतलेली असती, तर हजार रुपये आणि नट-बोल्ट, कूलंट, ऑइल असली किरकोळ सामग्री एवढंच त्याच्यावर पडलं असतं. पण झिरो डेपला जादा हप्ता लागतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी दोन हजार वाचवून देणारा एजंट त्या दिवशी देवमाणूस वाटतो.

म्हणूनच लहान ओरखड्यासाठी क्लेम करू नका असं मी नात्यातल्यांना सांगतो. सलग पाच वर्षं क्लेम न केलेल्याला ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या. हप्ता दहा हजारांचा असेल तर तीन हजारांच्या बंपरपायी पुढच्याच वर्षी पाच हजार जास्त भरावे लागतात.

आता गॅरेज. तिथं माझ्या दोन्ही बाजूंना माणसं असतात. मालकाला दरवाजा नवा हवा असतो. गॅरेजच्या अ‍ॅडव्हायझरलाही नवाच हवा असतो, कारण नव्या पार्टवर मार्जिन आहे. कंपनीला तो ठोकून सरळ व्हावासा वाटतो. मी दरवाजाच्या आतून हात फिरवतो. खोक नुसत्या बाहेरच्या पत्र्यावर असेल तर डेंटर ती काढतो. घडीची रेघ मोडली असेल, बिजागरीची बाजू ओढली गेली असेल, तर नवा लिहितो. त्याच फेरीत मागच्या बंपरवरचा जुना ओरखडाही ‘क्लेममध्ये बसवू या साहेब’ म्हणून पुढं येतो. मार पुढून लागलाय, मागचा ओरखडा त्यात कसा बसणार? ‘जाताना भिंतीला घासला.’ त्या वेळी मी फक्त चहा मागवतो.

नुसत्या फोटोवर काम करणाऱ्या अ‍ॅप्सबद्दल माझी तक्रार इथलीच आहे. बंपर वरून नुसता चिरलेला दिसतो, पण उतरवला की मागं क्रॉसमेंबर वाकलेला, एप्रन ढकललेला, कंडेन्सरची नळी पिचलेली. म्हणून मोठ्या मारात गाडी खोलल्याशिवाय अंदाजपत्रकावर माझी सही होत नाही.

कोकणात उतरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. कुंभार्ली घाटात किंवा गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर खालून दगड लागतो आणि ऑइलचा संप फुटतो. डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. बहुतेक जण म्हणतात, पुढच्या गावापर्यंत नेऊ. तेवढ्या अंतरात ऑइल गळून जातं, बेअरिंगं धरतात, इंजिन जाम. संप काही हजारांत बदलतो. इंजिनाचं काम लाखाच्या घरात जातं. कंपनी संपाचे पैसे देते आणि इंजिनाचे नाकारते, कारण तिच्या मते दगड हा अपघात, आणि ऑइलविना गाडी हाकणं हे त्यामागून ओढवलेलं नुकसान. पॉलिसीच्या भाषेत ‘कॉन्सिक्वेन्शियल लॉस’. मालक मला म्हणतात, “अहो, दगड लागला नसता तर इंजिन गेलं असतं का?” बोलण्यात तर्क आहे. पण लाल दिवा पेटल्यावर गाडी जागेवर बंद करून टोइंग बोलावलं असतं, तर इंजिन वाचलं असतं, आणि तेच मला रिपोर्टात लिहावं लागतं.

पाण्याचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत हजारो गाड्या बुडाल्या. आमच्याकडं २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पंचगंगा-कृष्णेनं तो धडा दिला, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. चिपळूणला माझ्यासारखे कितीतरी सर्व्हेअर गेले. पूर ओसरल्यावर तिथल्या गॅरेजांत उभं राहायला जागा नव्हती. एकेका गाडीचं दार उघडलं की गाळाचा वास अंगावर यायचा. आत चिखलाची एक रेघ असते, पाणी कुठवर चढलं ते दाखवणारी. रेघ सीटच्या खाली असेल तर गालिचे, वायरिंगचे सॉकेट, सफाई यांत भागतं. डॅशबोर्डच्या वर गेली असेल तर सगळी इलेक्ट्रॉनिक युनिट्स गेली असं समजूनच चालायचं.

तिथं प्रत्येक गाडीची डिपस्टिक ओढून बघायची. ऑइल दुधाळ कॉफीच्या रंगाचं दिसलं की पाणी आत गेलंय. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी स्टार्टर मारला, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी नुसती उभी बुडाली असेल तर इंजिन खोलून, साफ करून वाचवता येतं आणि तो खर्च पॉलिसीत बसतो. किल्ली फिरवली, रॉड वाकला, की ‘इंजिन प्रोटेक्ट’ ही जोड नसलेल्याशी कंपनी भांडते. अशी भांडणं ग्राहक आयोगापर्यंत गेली आहेत. चिपळूणला एक गुरुजी भेटले. पाणी चढताना त्यांनी बॅटरीची वायर काढून ठेवली होती आणि ओसरल्यावर किल्लीला हातही लावला नव्हता. गाडीपाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ते तेच सांगत होते. त्यांचा रिपोर्ट लिहायला मला वेळ लागला नाही.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढं गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. चार लाखांच्या गाडीला ही रेघ तीन लाखांवर. मग दुरुस्ती नाही. भंगारासह पैशांचा व्यवहार होतो. इथं लोक अक्षरशः रडतात. नवीन घेतानाचा पेढा आठवतो त्यांना. आणि इथंच नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी करायला आयडीव्ही मुद्दाम खाली आणणारे फसतात. कंपनी त्या आकड्याच्या पुढं जात नाही.

सगळ्यात कठीण क्लेम पांढऱ्या पाटीवर भाडं मारणाऱ्यांचे. लग्नसराईत घरची सात सीटर गाडी पंढरपूर-तुळजापूरला भाड्यानं जाते, अपघात होतो, आणि आतले सात जण एकदम पाहुणे होतात. सात जणांना सात वेगवेगळी नाती आठवतात. खाजगी गाडी भाड्यानं चालवणं हा पॉलिसीचा भंग आहे, यात शंका नाही. पण २०१० च्या अमलेंदु साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशा भंगापायी क्लेम पूर्ण फेटाळू नये, तो ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून काही भाग द्यावा, अशी भूमिका घेतली. म्हणजे इथंही खरं बोलणाऱ्याला काहीतरी मिळण्याची वाट आहे. पाहुण्यांच्या गोष्टीत ती बंद होते. टेम्पोवाल्यांसाठी आणखी एक: हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. तरीही ‘ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही’ म्हणून कुणी क्लेम अडवला, तर गप्प बसू नका.

‘तुमची फी कंपनी देते, मग तुम्ही आमच्या बाजूचे कसे?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. प्रश्न रास्त आहे. फी कंपनीच देते, काम कुणाला द्यायचं हेही तीच ठरवते, आणि रिपोर्ट सारखे तिला न आवडणारे आले तर फोन यायचे थांबतात. दबाव नसतो असं जो सर्व्हेअर सांगेल, त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण मी तुमच्याही बाजूचा नाही. तुमचा आणि कंपनीचा जो करार आहे, त्यात हे नुकसान किती बसतं, एवढंच मोजायचं माझं काम. आणि माझं मोजमाप म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. सर्व्हेअरचा रिपोर्ट अंतिम नसतो, त्यापलीकडं जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्येच प्रदीप कुमार खटल्यात सांगून ठेवलं आहे.

तेव्हा अपघात झाल्यावर आधी माणसं सांभाळा, मग गाडी हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि सर्व्हे होण्याआधी गॅरेजला काही खोलू देऊ नका. फॉर्म एजंटला किंवा अ‍ॅडव्हायझरला भरू देऊ नका. को‍ऱ्या फॉर्मवर सही तर कधीच नको. त्या चार ओळी स्वतःच्या हातानं, घडलं तसं लिहा. रिपोर्टची प्रत मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. आकडा पटला नाही तर कंपनीकडं लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जा. मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत, पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.